पाण्यावरची हजेरी

देवकीआजीचं मनगट गौरवीच्या बोटांत होतं, आणि फोन सांगत होता की गौरवी इथे नाही. लाल पट्टीवर स्वच्छ मराठीत अक्षरं होती: तुम्ही कामाच्या जागी नाही. तिने पुन्हा अंगठा दाबला, पुन्हा तेच. बोटांखाली म्हातारीची नाडी चालली होती, वाळल्या पानाखालून काहीतरी सरकावं तशी, आणि जनेलातून आलेलं सकाळचं ऊन पलंगाच्या पायाशी थांबलं होतं. खोबरेलाचा वास होता, उकड्या तांदळाच्या पेजेचा वास होता, फार दिवस झोपून राहिलेल्या अंगाचा वास होता. तिच्या स्वतःच्या छातीत ठणक होती. घरून निघताना शरू एकाच बाजूला प्यायली होती, दुसरी बाजू दगडासारखी घट्ट झाली होती. इतकं सगळं असताना मी नाही, तर हे मनगट कुणी धरलंय? विचार तेवढ्यापुरताच आला, पण गेला नाही. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी जावी, तसं तिचं मन दिवसभर तिथे जात राहिलं.

कामं वाटून देणारी अंकिता म्हापशाच्या ऑफिसात बसायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी सांभाळायला बायका पाठवायच्या, हा त्या ऑफिसाचा धंदा. पूर्वी फोन करून पोचले म्हटलं की हजेरी लागायची. मग कुणी बसस्टँडवरून, कुणी बाजारात बांगडे निवडता निवडता पोचले म्हणू लागल्या, म्हणून हे ॲप आलं. पेशंटच्या घराभोवती नकाशावर एक वर्तुळ. फोन त्या वर्तुळात असला तरच हजेरी. आणि नंतरही दिवसभर ते आपलं आपणच, आवाज न करता, बघत राहायचं, आत आहे की बाहेर. अंकिताने तिला नकाशा उघडायला लावला. निळा ठिपका म्हणजे तू, ती म्हणाली. ठिपका या घरावर होता, सिमेंटच्या, पत्र्याच्या नव्या घरावर. वर्तुळ मात्र काजूच्या बागेपलीकडे, एका हिरव्या डागावर. तिथे काय आहे गो, अंकिताने विचारलं. खाण, गौरवी म्हणाली, बंद पडलेली, पाणी भरलंय. अंकिता म्हणाली, मग पोहायला शीक. ती वाईट नव्हती. जागा बदलायला वर कळवते म्हणाली, कुणीतरी येऊन बघून जाईल, तोवर वर्तुळात राहा. लाल पट्ट्या साठल्या तर हे घर तुझ्याकडून काढून घेतील, आणि आत्ता मोकळी जागा एकच आहे, वास्कोला, दिवसरात्रीची. वास्को म्हटल्याबरोबर गौरवीची घट्ट झालेली बाजू आपोआप ओली झाली. शरू अजून बसतही नव्हती. वरचं दूध तोंडाला लावलं की थुंकायची. गौरवी पिळून ठेवायची ते, सासू वाटीतून कुलेराने थेंब थेंब घालायची, आणि तेही शरू जणू उपकार म्हणून गिळायची.

वर्तुळ तिथे कुणी टाकलं, ते दुपारी कळलं. देवकीआजीचा मुलगा कृष्णनाथ फोंड्याला नोकरीला होता, रविवारी यायचा. नाव नोंदवताना ऑफिसाने त्याला आकाशातून काढलेला नकाशा दाखवून म्हटलं होतं, तुमच्या घरावर बोट ठेवा. त्याने डोंगर ओळखला, रस्ता ओळखला, देऊळ ओळखलं, आणि बोट ठेवलं. गौरवीने फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, आमचं घर तिथंच. मग म्हणाला, म्हणजे, होतं. डोंगर खाणीला गेला तेव्हा वाड्यावरच्या सगळ्यांना खाली नवी घरं बांधून दिली होती, त्याला आता वर्षं झाली. तो स्वतः या नव्या घरातून लग्नाच्या मांडवात गेला होता, वडिलांना त्याने इथूनच खांदा दिला होता. तरी बोट तिथे गेलं. बदलून घेतो, तो म्हणाला, पण त्याच्या आवाजावरून तिला वाटलं, बोट उचलायला त्याला जड जातंय.

दुसऱ्या दिवशी ती हजेरी लावायला तिकडे गेली. आजीला पुसून, कूस बदलून, पलंगाचा कठडा वर करून. पायवाट काजूंतून चढत जायची. गळलेल्या बोंडूंचा आंबूस वास घशात बसत होता, आणि पायाखालची माती हळूहळू तांबडी, मग जांभळट, मग जवळजवळ काळी होत गेली. कडा अचानक आला. खाली पाणी, हिरवं, इतकं हिरवं की त्यात आभाळ पडलेलंच नव्हतं. वारा होता, पानं वाजत होती, पण पाण्यावर एक सुरकुती नव्हती. कड्याला एक सातवीण उभी होती आणि तिच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचा दगड, तेल मुरून काळा झालेला, पुढ्यात कुणीतरी ठेवलेली विडी. राखणदार. मशीन खणत खणत इथवर आलं होतं आणि मशीनवाल्याने चावी काढून खाली उडी मारली होती, पुढे खणलं नव्हतं, असं वाड्यावर सांगायचे. गौरवीला त्यात नवल वाटलं नाही. तिचे वडील सातार्ड्याहून ट्रक घेऊन खाणींवर यायचे; लहानपणी ती कधी सोबत असली तर गावाच्या शिमेवर ते गाडी हळू करायचे, काच खाली करायचे आणि कुणाला तरी ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं म्हणायचे, येतंय रे. राखणदार शीम राखतो, कोण आत, कोण बाहेर, त्याला सगळं दिसतं, आपण त्याला दिसायला हवं. तिने फोन पुढे धरला, अंगठा दाबला. हिरवी पट्टी आली: तुम्ही पोहोचलात. आणि त्याच वेळी तिला पान्हा फुटला. रडणारं कुणी नव्हतं, शरूची आठवणही त्या क्षणी मनात नव्हती. तरी दोन्ही बाजूंना एकदम, झिणझिणत, पोलक्याच्या पुढे दोन ओले गोल उमटेपर्यंत. तिने पदर ओढून घेतला, जणू कुणी बघत होतं.

परत आली तर आजी दाराकडेच बघत होती. "घराकडसून इलंस?" तिने विचारलं. गौरवी म्हणाली, हे घरच ना आजये. म्हातारीने तिच्या पायांकडे बघितलं, काळपट मातीने भरलेल्या, आणि हसली. तिला सगळं आठवायचं नाही, जेवली की नाही हेही नाही. पण ती माती तिने ओळखली होती. मग नजर वर आली, ओल्या पोलक्यावर थांबली. "माका दूध खूप होता गो," ती म्हणाली. "शेजारच्या पोरांकपण पाजलंय. कोणाचा रडला की माका ऱ्हवत नाय." तिने सुकलेला हात आपल्या छातीवर ठेवला, तिथे आता काही नव्हतं, फक्त लुगड्याची घडी. गौरवीला तिच्याबद्दल त्या दिवशी जी माया वाटली ती जरा वेगळी होती, दोन बाळंतिणी एका खोलीत असाव्यात तशी.

पण दिवसभर फोन आणि म्हातारी एका जागी असू शकत नव्हती, म्हणून ती दोन्हींमध्ये फाटत राहिली. कधी तपासतील ते कळायचं नाही. खायला घालून ती तिकडे धावायची, थोडा वेळ दगडापाशी उभी राहायची, आजी एकटी आहे म्हणून परत धावायची. एकदा आली तर आजी कठड्यावरून अर्धी खाली लोंबकळत होती, केस जमिनीला टेकलेले, आणि ओरडत नव्हती, नुसती फरशीकडे बघत होती, विहिरीत वाकून बघावं तशी. गौरवीने तिला वर घेतलं, छातीशी धरून ठेवलं, आणि ठरवलं. फोन तिकडे राहील, मी इथे. दुसऱ्या सकाळी तिने दगडामागच्या खोबणीत फोन ठेवला. दव लागेल म्हणून काहीतरी गुंडाळायला हवं होतं. पिशवीत शरूचं टोपडं होतं, ते ती वासासाठी जवळ बाळगायची. त्यात गुंडाळला, बंद बांधले. हात जोडले आणि वडिलांसारखंच हळू म्हणाली, सांभाळ रे. अर्ध्या वाटेवर तिला सासूचं बोलणं आठवलं, तान्ह्याचं कापड बाहेर टाकायचं नसतं, दिवेलागणीनंतर तर दोरीवरसुद्धा ठेवायचं नसतं, कोण हुंगून ओळख धरील सांगता येत नाही. ती थबकली. पण चुलीवर पेज होती, आणि ऊन चांगलं वर आलेलं होतं.

मग सगळं सुरळीत झालं, इतकं की तिला भीती वाटावी. हजेरी लागायची, दिवस हिरवा जायचा, निघताना ती फोन काढून घ्यायची. टोपडं कोमट असायचं, दगड उन्हाने तापायचा म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. रात्री शरूला ते घालताना त्यातून काजूच्या डिंकाचा आणि आणखी कशाचातरी वास यायचा, आणि शरू त्या वासाने चटकन शांत व्हायची. एके दिवशी अंकिताने कौतुकाने एक चित्र पाठवलं. तुझ्यासारखी दिवसभर राबणारी दुसरी नाही, तिने लिहिलं होतं, बघ किती फिरतेस घरभर, जरा बूड टेक. चित्रात वर्तुळ होतं आणि आत एक निळी रेघ, इकडून तिकडे, वळत, थांबत, पुन्हा मागे येत. फोन तर दिवसभर खोबणीत होता. झाडाखाली, कड्याला फोनला नीट कळत नाही, ठिपका भरकटतो, अंकितानेच एकदा सांगितलं होतं, तेच असणार. सकाळी पेज निवेपर्यंत गौरवीने गंमत म्हणून ते चित्र आजीला दाखवलं. म्हातारीने फोन दोन्ही हातांत घेतला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचं बोट रेघेवर ठेवलं गेलं आणि रेघेबरोबर चालू लागलं. "ही रांधची कूड," ती म्हणाली. "हय पाणी भरून ठेवी. ह्या देवघर." बोट वळलं तिथे रेघही वळत होती. "ही मागली पडवी. थयसून राखणदार दिसता." आणि शेवटी, दगडाच्या अगदी जवळ, जिथे रेघ गोल गोल फिरून गाठीसारखी घट्ट झाली होती, तिथे बोट थांबलं. "ही बाळंतिणीची कूड." तिने वर बघितलं. "कोण असा गो थय? किती येरझारो घालता."

गौरवीने फोन काढून घेतला. पेज भरवली. त्या दिवशी ती दगडापाशी गेली तेव्हा पाण्याकडे बघितलं नाही. पण न बघता तिला ते घर दिसायला लागलं होतं. इथे चूल, इथे घागरी, इथे देव, आणि पाठीमागे, तिच्या टाचांना लागून, अंधारी उबदार खोली, शेकाच्या धुराने भरलेली. आपण बाळंत झालो तेव्हा सरकारी दवाखान्यात ट्यूबलाइट होती, पंखा होता, सोबत कुणी नव्हतं. रात्रभर शरू रडत होती आणि दूध उतरत नव्हतं, तेव्हा शेजारच्या पलंगावरची कुणीतरी काळोखात म्हणाली होती, आण इकडे. नाव नव्हतं विचारलं. सकाळी तो पलंग रिकामा होता. ही आठवण तिला इतके महिने आली नव्हती. तरी तिने फोन गुंडाळला, बंद बांधले. वास्को. वास्को म्हणजे शरू नाही. बाकी काहीही चालेल.

आणि मग तो दिवस. सकाळी पिळून ठेवलेलं दूध घरी नासलं होतं, हे तिला नंतर कळलं. शरू भुकेने रडायला लागली, कुलेर जिभेने तोंडाबाहेर ढकलू लागली, सासूने फोनावर फोन केले. नवरा सागर, दुसऱ्या एका खाणीवर टिपर चालवणारा, त्या दिवशी फेरी नव्हती म्हणून घरी होता. तो कधी या घरी आला नव्हता. गावाचं नाव ठाऊक, घर नाही. पण गौरवीचा फोन कुठे आहे ते त्याच्या फोनवर दिसायचं. त्याने शेजारच्याची मोटरसायकल घेतली, मागे आई, तिच्या मांडीवर शरू, आणि इब्रामपूरहून तो त्या ठिपक्याच्या मागे निघाला. गौरवीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आजीला पेज भरवत होती. आजीने मध्येच तोंड मिटलं.

"घराकडे कोण इलां."

कोण नाही आजये, गौरवी म्हणाली, घ्या, थोडी राहिलीय.

"चेडू रडता," म्हातारी म्हणाली. तिचे डोळे भिंतीवर होते, काजूच्या दिशेच्या भिंतीवर. "आयकना नाय तुका?"

ऐकू काही येत नव्हतं. पत्र्यावर एक पान घासत होतं. पण गौरवीचं अंग ऐकत होतं. पान्हा असा आला की ती ओणवी झाली. तिने वाटी स्टुलावर ठेवली, कठडा वर केला, आणि धावली. वाटेत एक चप्पल राहिली. काजूंतून बाहेर आली तेव्हा तिला आधी सासूची पाठ दिसली. सासू कड्यावर गुडघ्यांवर होती, लुगड्याचा पदर सोडून तिने खाली टाकला होता, आणि त्याचं टोक धरून सागर छातीएवढ्या पाण्यात उभा होता. तो श्वास घ्यायचा, खाली जायचा, वर यायचा. पहिल्यांदाच त्या पाण्यावर वलयं होती. ही दोघं कुणाला शोधतायत, तिने विचार केला, अगदी शांतपणे, आणि त्यांच्यामागे उभी राहून बघत राहिली. सागरचे सँडल कड्याला नीट लावून ठेवलेले. त्यांच्या शेजारी फोन, आणि सोडलेलं टोपडं. तेव्हा तिला कळलं. ठिपका इथे होता, फोन इथे होता, लेकराच्या टोपड्यात बांधून पाण्याच्या काठावर ठेवलेला, आणि ती नव्हती. तिला ओरडायचं होतं, पण आवाज कुठे असतो तेच सापडेना. सागर वर आला, त्याची नजर तिच्यावरून सरकून पुढे गेली, जणू तिथे झाडच होतं. त्या पहिल्या सकाळची लाल पट्टी तिच्या डोळ्यांपुढे आली. तुम्ही नाही. खरंच नसेन तर?

"मी हय असंय," ती शेवटी म्हणाली.

सागरने वळून बघितलं. आनंद झालेल्या माणसासारखं नाही. दारात रात्री उभ्या राहिलेल्या कुणाकडे, आत घ्यावं की नाही या विचाराने बघावं, तसं. मग त्याने पदर सोडला आणि तोंडावर हात घेतला, आणि पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला.

शरू कुठे आहे, गौरवीने विचारलं. सासूने मान न वळवता हात मागे केला. "थय ठेवलंय, दगडाकडे. रडान रडान निळा पडला होता. मगे एकदम गप झाला." तिचा आवाज बसला होता. "माका मागे वळान बघूक धीर झालो नाय."

शरू सातविणीच्या मुळांमध्ये, दगडाला लागून, तुवाल्यावर निजली होती. मुठी उघड्या. गाल गरम, लाल, झोपेतल्या बाळाचे. गौरवीने वाकून नाकाशी बोट धरलं, मग गालाला लावलं, मग ओठाच्या कोपऱ्याला. तिथे पांढरं होतं. ताजं, ओलं, मानेच्या वळीपर्यंत ओघळलेलं. सासू म्हणाली, नासलेलं घातलं नाही गो मी, सगळं ओतून टाकलं, सकाळपासून एक थेंब पोटात नाही तिच्या. गौरवीने शरूला उचललं, आणि शरू जड होती, पोट भरल्यावर असते तशी.

ती सगळी नव्या घराकडे आली. सागर ओल्या कपड्यांनी, तिचा फोन हातात घेऊन पायरीवरच बसला, आत येईना. हे काम सोड, एवढंच म्हणाला, मग तेही पुन्हा म्हणाला नाही. सासू त्याच्या डोक्यावरून पदराने पाणी टिपत बसली. गौरवी शरूला घेऊन आत गेली. कठडा होता तसाच वर. आजी उताणी होती, दमलेली, कपाळावर घाम, लुगडं छातीपाशी भिजलेलं. स्टुलावरची वाटी आडवी झाली होती. पेज सांडली असणार. गौरवीने फडकं घेतलं, ओलं पुसलं, आणि फडकं नाकाशी न नेता तसंच बाजूला ठेवलं.

"निजला?" आजीने विचारलं.

निजली, गौरवी म्हणाली. ती कदेल ओढून पलंगाशी बसली. दोन्ही बाजू ठणकत होत्या, आता सहन होत नव्हतं; तिने पोलक्याचे हूक काढले, शरूला जवळ घेतलं, ओठांना लावलं. शरूचे ओठ हलले, ओळख पटल्यासारखे. आणि तिने तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं, रागाने नाही, पुरे झालं म्हणून.

"जागा करू नको गो," आजी डोळे मिटून म्हणाली. "पोटभर प्यालां ता."

बाहेर फोन वाजला. आवाज न करता बघत राहणारं ते ॲप पहिल्यांदाच वाजलं होतं. सागरने पायरीवरून वाचून दाखवलं, लाल झालंय, तू कामाच्या जागी नाहीस म्हणतंय. मग थोड्या वेळाने म्हणाला, नेऊन ठेवू काय थय? गौरवीने एक हात कठड्यातून आत घातला आणि म्हातारीचं मनगट धरलं. तिला वास्कोची ती न पाहिलेली खोली दिसली, दिवसरात्रीची, शरू नसलेली. ती उठली नाही. असू दे, ती म्हणाली, इतकं हळू की सागरला ऐकू गेलं नसावं, कारण त्याने पुन्हा विचारलं. नाडी चालली होती. शरू झोपेत एकदा हसली, काजूच्या दिशेच्या भिंतीकडे. गौरवीचं दूध पोटावरून खाली ओघळत राहिलं, आणि ते घेणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.